एका तारखेच्या दोघी

बाबा,

शाळेतला दिनविशेषाचा फळा मी तीन दिवसांपासून पुसलेला नाही. चौथीतली एक चुरचुरीत पोरगी रोज परिपाठाला हात वर करते आणि विचारते, "मॅडम, तारीख बदलली, फळा काऊन नाई बदलला?" मी सांगते, खडू संपले. टेबलावरची खडूची भरलेली पेटी तिलाही दिसत असते आणि मलाही. तुम्ही असतात तर पोरांदेखत मला उभं केलं असतंत. तुमच्या काळात फळा एक दिवस शिळा राहिला तर तुम्हाला जेवण गोड लागायचं नाही. न पुसण्याचं कारण सांगणारच आहे, पण ते एकदम तोंडातून निघत नाही, थोडं मागे जावं लागेल. तुम्हाला जाऊन एकवीस वर्षं झाली, तेव्हा घाई तशी कोणालाच नाही.

तुमचं रजिस्टर माझ्यासमोर आहे. लाल कापडी पुठ्ठ्याचं, देवळीच्या बाजारातून आणून तुम्ही स्वतः रेघा मारलेलं. वर्षातल्या प्रत्येक दिवसाला एक पान आणि पानावर तीन मथळे: जन्म, मृत्यू, घटना. जुनी वर्तमानपत्रं, कॅलेंडरच्या मागच्या बाजू, सकाळचा रेडिओ, कुठून कुठून वेचून तुम्ही ते भरलंत आणि रोज परिपाठाआधी त्यातल्या चार ओळी फळ्यावर उतरवत राहिलात. जगातली मोठी माणसं शाईत. त्यांच्या खाली, जन्माच्या रकान्यात, त्याच तारखेला जन्मलेली आपल्या शाळेतली पोरं, पेन्सिलीत. ज्याचा वाढदिवस त्याचं नाव त्या दिवशी फळ्यावर, थेट कुणा शास्त्रज्ञाच्या नाहीतर सेनापतीच्या खाली. त्या दिवशी त्या पोराची चालच बदलून जायची. "पुढं काही करून दाखवलं का नाव शाईत करीन," असं तुम्ही प्रत्येकाला सांगायचात, आणि खरंच करायचात. बापाची दारू सोडवणारी ती मुलगी शाईत आहे. आईला सही शिकवणारा तो मुलगा शाईत आहे. साहेब झालेले दोघं मात्र अजून पेन्सिलीतच पडलेत. तुमचा हिशेबच निराळा होता.

आणि एक नियम होता. घरच्या माणसाचं नाव फळ्यावर नाही. रजिस्टरातही नाही. घरचं माणूस म्हणजे मी, दुसरं होतं कोण? माझ्या जन्मतारखेच्या पानावर एक गणिती जन्मलाय, एक राणी मेली आहे, दोन देशांत तह झालाय आणि कुठलासा पूल वाहतुकीला खुला झालाय. मीही त्याच दिवशी जन्मले, पण त्याची नोंद नव्हती. पूल चालतो, पोटची पोरगी चालत नाही! तारीख मी इथे लिहीत नाही. तुम्हाला पाठ आहे, आणि तिलाही.

ती पहिल्यांदा शाळेत आली तो दिवस मला अजून दिसतो. मी सहा वर्षांची आहे, तुमच्या टेबलापाशी तरटावर बसून पाटी पुसते आहे. दारात एक बाई उभी, अनवाणी, पदराला धरून एक काळीसावळी पोरगी. नाल्यापलीकडच्या वस्तीतून दोन कोस चालत आलेल्या. तुम्ही दाखल खारीजचं रजिस्टर उघडून विचारता, "जन्मतारीख?" बाई हसते. "आता ते कुठं मायीत गुरुजी! कापूस येचाले सुरुवात झालती. शेतात पूजेचा दहीभात ठेवला, अन् माह्या पोटात कळ आली." दुसरे गुरुजी असते तर एक जुलै टाकून मोकळे झाले असते. आपल्या गावातली अर्धी माणसं एक जुलैला जन्मलेली आहेत, कारण दाखल्याच्या दिवशी गुरुजींना घाई होती. तुम्ही मात्र लाल रजिस्टर काढता. कापूस वेचायच्या दिवसांची पानं एकेक उलटता. इथे कोणी चांगलं जन्मलेलं नाही, इथे नुसत्या लढाया, असं पुटपुटत पुढे जाता, आणि थांबता माझ्या पानावर.

"हा दिवस चांगला आहे. हाच लिहितो."

मी तरटावरून ओरडले, "बाबा, तो माझा आहे!"

"शाळेत गुरुजी म्हणायचं," तुम्ही मान वर न करता म्हणालात. "अन् दिवस काय एकाच माणसाचा राह्यते का? त्या दिवशी राणी पण मेली. ती आली का भांडायला?"

ती बाई हसली, ती पोरगीही हसली. आणि तुम्ही पेन्सिलीनं तिचं नाव माझ्या पानावर लिहिलंत. बाबा, त्या दिवशी माझ्या पोटात जे पेटलं ते चाळीस वर्षं विझलं नाही. लोक म्हणतात लहानपणीच्या गोष्टी माणूस विसरतो. मी नाही विसरले. मला तर त्या पोरीच्या झिपऱ्यांत अडकलेलं कापसाचं बोंडूकसुद्धा आठवतं.

संध्याकाळी आईनं विचारलं, "एवढ्या तारखा पडल्या होत्या, पोरीचीच काऊन देल्ली?" तुम्ही पाय धूत होतात. म्हणालात, "तिच्या घरी त्या दिवशी गोड कोण करन? आपल्या घरी तर होतेच. ती येईन, खाऊन जाईन." झालं. त्या वर्षापासून माझ्या वाढदिवसाला स्वयंपाकघरात दोन पाट मांडले जाऊ लागले. पाटोडीचा रस्सा आणि शेवयांची खीर. आई आधी तिला ओवाळायची, पाहुणी म्हणून, मग मला. ती वाटीतून बोट फिरवून खीर चाटायची आणि तुम्ही आईला सांगायचात, वाढ अजून. मी वाटी पुढे केली की म्हणायचात, "तुला उद्याही मिळेल." उद्याची खीर ही वाढदिवसाची खीर नसते, हे तुम्हाला इतकी पुस्तकं वाचून कळलं नाही. मी तिच्या वाटीकडे बघत बसायचे. आई मला चिमटा काढायची.

तिसरीत होतो त्या वर्षी तुम्ही आम्हा दोघींना सायकलवर बसवून देवळीला नेलंत. एकाच ठाणातलं कापड घेतलंत, पिवळी फुलं असलेलं, आणि शिंप्याकडून दोन फ्रॉक शिवून घेतलेत. तिला तो जास्त शोभत होता, हे मी आज पहिल्यांदा कबूल करते. बाजारात कांदेवाल्यानं विचारलं, "जुळ्या हाय का गुरुजी?" तुम्ही नुसते हसलात. नाही म्हणाला नाहीत. एक शब्द होता, "नाही", तेवढाही तुमच्या तोंडून निघाला नाही. मी घरी येऊन माझ्या फ्रॉकच्या घेराला कात्री लावली आणि आईला सांगितलं, उंदरानं कुरतडला. आईनं विश्वास ठेवला की नाही कोण जाणे, पण तिनं ते तुम्हाला सांगितलं नाही.

चौथीत मात्र मी उघड केलं. सकाळी लवकर शाळेत गेले, फळ्यावर गणितीच्या खाली तुम्ही लिहिलेलं तिचं नाव पुसलं आणि माझं लिहिलं. परिपाठाला पोरं रांगेत उभी राहिली. तुम्ही फळ्याकडे पाहिलंत, मग माझ्याकडे. विचारायची गरजच नव्हती. माझं अक्षर तुम्हीच घडवलं होतंत, पाटीवर तुमच्या ओळी गिरवून गिरवून. तिचंही तसंच. "ये पुढे. पूस आपल्या हातानं." मी पुसलं. "आता तिचं लिही." मी लिहिलं, आणि रडत रडत सगळ्या शाळेसमोर ओरडले, "तिनं असं काय केलंय?"

"ती रोज येते," तुम्ही म्हणालात. "दोन कोस चालून, नाला आला तर कपडे डोक्यावर घेऊन. तू काय करतेस? माझ्या सायकलच्या दांडीवर बसून येतेस."

खरंच होतं. खरं असलं म्हणजे लागत नाही असं थोडंच आहे.

ती शिकत गेली. आधी देवळीला, मग वर्ध्याला वसतिगृहात राहून, मग नागपूरला वकिलीला. दरवर्षी त्या तारखेला तिचं पत्र यायचं, तुम्हाला. मीही शिकत होते, बाबा, डी.एड. चांगल्या मार्कांनी झाले, पण माझं पत्र कुठून येणार, मी तर घरातच होते! तुम्ही तिचं पत्र दोनदा वाचायचात, एकदा मनात आणि एकदा आईला ऐकवत. मी भाकरी थापता थापता मुद्दाम परात वाजवायचे.

तुमच्या शेवटच्या आजारपणात तुम्ही मला रजिस्टर आणायला लावलंत. उन्हं खिडकीतून खाटेवर आली होती. वाटलं, आता तरी. तुम्ही ते पान काढायला सांगितलंत आणि पेन माझ्या हातात दिलंत. "ती जजच्या परीक्षेला बसून राह्यली. पास झाली की तिचं नाव तू शाईत कर. माझा हात कापते. आणि यापुढं हे रजिस्टर तूच भर." मी वाट पाहिली. अजून काहीतरी म्हणाल म्हणून मी बराच वेळ पेनाचं टोपण लावत आणि काढत बसले. तुम्ही डोळे मिटलेत, झोप लागली तुम्हाला. सतरा दिवसांनी तुम्ही गेलात.

ती पुढच्याच वर्षी पास झाली. बातमी आली त्या दुपारी मी तुमचं पेन धुतलं, निळी-काळी शाई भरली आणि पान उघडलं. खरंच तिच्याच नावासाठी उघडलं होतं, तुमची शपथ. पण निब कागदाला टेकली ती तिच्या नावावर नाही, त्याच्या वरच्या मोकळ्या ओळीत. मी माझं नाव लिहिलं. तुमच्या अक्षरात, तुमच्यासारखी वेलांटी ओढून, गणितीच्या बरोब्बर खाली. वाळेपर्यंत फुंकर घालत बसले. मग पान मिटलं, आणि तिचं नाव पेन्सिलीत राहिलं ते राहिलंच. तुम्ही सांगितलेलं शेवटचं काम मी वीस वर्षं केलं नाही. विसरले नव्हते. करायचं नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी माझी बदली आपल्या शाळेत झाली. फळा पुन्हा सुरू केला, पोरांची नावं पेन्सिलीत लिहू लागले, त्यातल्या दोन मुलींना शाईतही केलं. सगळी पानं उघडायचे, ते एक सोडून. त्या तारखेला कॅलेंडर बघून फळा भरायचे आणि माझाही वाढदिवस आहे हे कोणाला कळू द्यायचे नाही.

या दिवाळीआधी शाळेच्या पत्त्यावर एक पाकीट आलं. वरचं अक्षर बघून मी ते दारातच उजेडाकडे धरलं. बाबा, ते तुमचं अक्षर होतं. तोच झुकाव, तीच ओढलेली वेलांटी. उघडलं तेव्हा कळलं, तिचं पत्र आहे. आता ती शेजारच्या जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीश आहे. लिहिलं होतं, त्या तारखेला गावात यायचं म्हणते, शाळा बघायची आहे, आणि गुरुजींचं रजिस्टर असेल तर तेही. असेल तर! रजिस्टर माझ्याकडे आहे हे तिला पक्कं माहीत होतं. घाबरले मी, आणि घाबरता घाबरता रागही आला, की मेल्या अक्षरावरसुद्धा हिचा हक्क. गावाच्या ग्रुपवर तर आठवडाभर आधीपासून नुसता तिचा फोटो आणि फुलांची चित्रं. "आपल्या गावची शान." मी एक अंगठा टाकला, गप्प राहून संशय यायला नको म्हणून.

ती आली. पोरांनी फळ्यावर गणितीच्या खाली तिचं नाव लिहिलं होतं, भोवती वेल काढली होती. ती माईकवर शुद्ध बोलली, मोजकं बोलली, टाळ्या झाल्या. मग ऑफिसच्या खोलीत आम्ही दोघीच उरलो आणि चहाचा पहिला घोट घेताच तिची भाषा नाल्यापलीकडे गेली.

"काय वो, खिरीच्या वाटीवरून मह्याकडं कशी पाहे तू, आठवते का? डोयानंच जाळून टाकशीन असं वाटे."

"पाहतच होते मी तशी," मी म्हटलं. दोघी हसलो. मी रजिस्टर पुढे सरकवलं, कारण सरकवणं भाग होतं. तिनं शोधलं नाही, अंदाजानंच उघडलं आणि दोन पानं मागे जाऊन थांबली. वाचत राहिली. चहावर साय धरली.

"तुह्यं नाव शाईत हाय."

"हो."

"अन् माह्यं पेन्सिलीत."

"हो."

"कवा लिहलं गुरुजीनं?"

"मले नाई मायीत. मी पाह्यलं तवा होतंच." चक्क न्यायाधीशासमोर खोटं बोलले, बाबा, डोळ्याला डोळा देऊन.

तिनं पानावर हात ठेवला, माझ्या नावावर. "बरोबरच हाय. पोरगी तू होती. मले सांगू? दरसाली खीर खाल्ली का मी वाट पाहे, गुरुजी आज म्हणतीन, तू आता इथंच राह्य. अन् तेवढ्यात माय घ्याले ये. नाल्यातून येताना दुरून तुमची सायकल दिसे, तू दांडीवर. वाटे, ही पडावी. चांगलं तोंड फुटावं इचं. लय जळो वो मी तुह्यावर. तरी मनाले सांगो, फळ्यावर तर माह्यंच नाव हाय ना. पण फळा तर पुसल्या जाते." आणि ती पदरानं डोळे टिपू लागली, पन्नाशीकडे झुकलेली बाई, बाहेर पट्टेवाला उभा.

खरं सांगू? मला आनंद झाला. ज्याच्यासाठी चाळीस वर्षं थांबले ते माझ्या ताटात पडलं होतं, ती माझ्यावर जळत होती, माझ्यासमोर, बोलून. ऊन ऊन खीर पोटात उतरावी तसं वाटलं. मग तिचं टिपणं काही थांबेना, आणि मला पुढे काय करावं ते कळेना. सांगून टाकावं असं दोनदा ओठावर आलं. तेवढ्यात पोरं गुच्छ घेऊन दारात आली.

जाताना ती फळ्यापाशी थांबली. खडू मागून घेतला. स्वतःच्या नावाखाली तिनं माझं नाव लिहिलं, सावकाश, वेलांटी ओढून. "मॅडम, तुमचा बी आजच बड्डे हाय?" पोरं कालवा करू लागली. ती मला म्हणाली, "आता कोण हाय नियम सांगाले?" आणि गाडीत बसली.

तर बाबा, हे कारण आहे. फळ्यावर माझं नाव आहे. तुमच्या अक्षरात आहे, आणि या वेळी ते मी लिहिलेलं नाही. ते पुसायला माझा हात उचलत नाही. पोरं घरी गेली की मी वऱ्हांड्यात खुर्ची टाकून त्याच्याकडे बघत बसते, आणि शिपाई मला विचारतो, "मॅडम, तब्येत बरी हाय ना?"

आज शाळा सुटल्यावर तुमचं पेन धुतलं. निब जरा अडत होती. तिचं पेन्सिलीतलं नाव पुसट झालंय, चष्मा लावून गिरवावं लागलं. पण तुम्ही सांगितलं होतंत तसं केलं, पूर्ण शाईत. माझं वरचं नाव तसंच राहू दिलंय, ते खोडायला सांगू नका, मी ऐकणार नाही. हे पत्र त्याच पानात ठेवते. फळा उद्या सकाळी पुसेन, पक्कं.

एक राहिलं. तिचं नाव शाईत झालंय हे मी तिला कळवलेलं नाही. फोटो काढलाय, फोनमध्ये आहे, एक बोट दाबलं की जाईल. पुढच्या वर्षी त्या तारखेला पाठवीन. मी चाळीस वर्षं जळले, बाबा, तिला एक वर्ष तरी जळू द्या.